बॅटिंग सोडू नकोस, पण निवड बोलिंगवर होऊ दे

प्रिय दोस्ता,

तुझा मेसेज वाचला. 23 वर्षांखालच्यांच्या सी. के. नायडू ट्रॉफीचा सीझन संपल्यावर कोणीतरी तुला ऐकवलं की धड बॅट्समन नाहीस, धड बोलर नाहीस, रणजीला कोण घेणार? आणि आता तू बॅटिंग बाजूला ठेवायच्या गोष्टी करतोयस.

ऐकवणारा अगदीच चुकीचा नाही. निवड समितीच्या बैठकीत सहा बॅट्समन, एक कीपर आणि चार बोलर अशी मोजणी चालते. त्यात 'दोन्ही थोडं थोडं करतो' अशा पोराचं नाव पंधरात येतं आणि अकरातून गळतं. म्हणून स्वतःला एकच प्रश्न विचार: उद्या माझी बॅटिंग कोणी काढून घेतली, तर मी त्या चार बोलरांत बसतो का? तुझ्यासारख्या डावखुऱ्या स्पिनरची आपल्याकडे कधीच टंचाई नव्हती. उत्तर 'अजून नाही' असेल, तर पुढचं वर्षभर सगळा जोर तिथे लाव. सकाळी ओल असताना आणि तिसऱ्या दिवशी पाट्यावर, म्हणजे बोलरला काहीच मदत न देणाऱ्या पिचवर, दोन्हीकडे एका टप्प्यावर वीस ओव्हर टाकता आल्या पाहिजेत.

विदर्भाच्या हर्ष दुबेकडे बघ. 2024-25 मध्ये त्याने रणजीच्या एका मोसमात 69 विकेट काढल्या, हा विक्रम आहे. त्याच मोसमात 476 धावाही केल्या. नुसत्या 476 धावांवर त्याला कोणी लक्षात ठेवलं नसतं. 69 विकेटच्या शेजारी त्या आल्या म्हणून तो स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

पण म्हणून बॅटिंग सोडायची? मुळीच नाही. रणजीचं गणितच खालच्या फळीच्या बाजूने आहे. सामना ड्रॉ झाला तर पहिल्या डावात लीड घेणाऱ्याला 3 गुण आणि दुसऱ्याला 1. बाद फेरीत तर ड्रॉ झाल्यावर लीड घेणाराच पुढे जातो. 2024-25 ची फायनल विदर्भाने केरळविरुद्ध पहिल्या डावातल्या 37 धावांच्या लीडवर जिंकली. सदतीस! आठव्या-नवव्या नंबरच्या माणसाने तासभर उभं राहिलं तरी होणारा हा आकडा आहे.

त्याच्या आदल्या वर्षी मुंबईने हे फार देखणं करून दाखवलं. सेमीफायनलला तामिळनाडू 146 वर आटोपली होती, पण मुंबईही 7 बाद 106. तिथून शार्दुल ठाकूरने 109 ठोकल्या, दहाव्या नंबरवर तनुष कोटियन 89 वर नाबाद राहिला, आणि मुंबई डावाने जिंकली. त्याआधी बडोद्याविरुद्ध कोटियन आणि तुषार देशपांडे, म्हणजे दहावा आणि अकरावा, दोघांनीही शतकं केली होती. प्रथम श्रेणीत असं त्याआधी एकदाच झालं होतं, 1946 मध्ये, ओव्हलवर; चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी. कोटियनने त्या मोसमात 502 धावा आणि 29 विकेट घेतल्या. पण टीममध्ये त्याची जागा ऑफस्पिनर म्हणून होती, हे विसरू नकोस.

आता सरावाचं. मला माहीत आहे तुझ्या नेटला काय होतं. दोन तास तू दुसऱ्यांना बोलिंग टाकतोस आणि उजेड जाता जाता दहा मिनिटं बॅट हातात येते, तीही दमलेल्या बोलरांसमोर. त्यातून काही होत नाही. आठव्या नंबरच्या बॅट्समनला बहुतेक वेळा 80 ओव्हरनंतरचा दुसरा नवा बॉल खेळायचा असतो. तेव्हा आठवड्यातून दोनदा तरी कोचकडे हट्टाने नवा एसजी बॉल माग, दोन फास्ट बोलर माग, आणि स्वतः लांब स्पेल टाकून झाल्यावर लगेच पॅड बांध. मॅचमध्ये पाय जड असतानाच बॅटिंग येणार आहे. टेलएंडरला, म्हणजे तळाच्या बॅट्समनला घेऊन कसं खेळायचं, पुढची ओव्हर आपल्याकडे राहावी म्हणून पाचव्या बॉलला एक कशी चोरायची, हे शॉट शिकण्याइतकंच शिकावं लागतं. यावर फारसं कोणी काम करत नाही, याचं मला दरवर्षी आश्चर्य वाटतं.

टी-20 बद्दल थोडक्यात. आयपीएलमध्ये 2023 पासून इम्पॅक्ट प्लेअर, म्हणजे सामन्यात मध्येच बदलून घेता येणारा खेळाडू आला आणि ऑलराउंडरची गरज कमी झाली, ही तुझी तक्रार बरोबर आहे. पण राज्यांच्या टी-20 स्पर्धेतून, म्हणजे मुश्ताक अलीतून, तो नियम आता काढला आहे. तिथे तुझ्या चार ओव्हर आणि शेवटच्या दहा बॉलना अजून किंमत आहे.

जलज सक्सेनाचं नाव तू 'बिचारा' म्हणून घेतलंस, ते मला आवडलं नाही. रणजीत 6000 धावा आणि 400 विकेट दोन्ही पूर्ण करणारा तो पहिला माणूस. मध्य प्रदेश, मग प्रोफेशनल (बाहेरच्या राज्याने करारावर घेतलेला खेळाडू) म्हणून केरळ, मग 2025-26 ला आपला महाराष्ट्र. भारताकडून एकही सामना नाही. दुसऱ्या राज्यांनी बोलावून नेलं, ते काय दया म्हणून? विदर्भाचा आदित्य सरवटेही केरळकडे गेला आणि मघाच्या त्याच फायनलमध्ये जुन्या टीमविरुद्ध त्याने 79 केल्या. इथे जागा नसेल तर बाहेर जायची तयारी ठेव. त्यात गद्दारी नसते, फक्त असोसिएशनचं एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, वेळेत घ्यावं लागतं.

पैशांचं आईबाबांना नीट समजावून सांग. 2021 मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे रणजीत पहिल्या 20 सामन्यांपर्यंत दिवसाला 40,000 रुपये मिळतात. चार दिवसांच्या सामन्याचे 1,60,000, साखळीचे सातही खेळलास तर 11,20,000. राखीव राहिलास तर निम्मे. टीमबाहेर गेलास तर शून्य, आणि गुडघा दुखावला तरी शून्यच. म्हणून पदवी अर्धवट टाकू नकोस आणि रेल्वेच्या खेळाडू कोट्याकडे नाक मुरडू नकोस. रेल्वेने दोनदा रणजी जिंकली आहे, ती काही ऑफिसातल्या हौशी लोकांची टीम नाही. भरतीची जाहिरात आली की अर्ज कर आणि भरलास की मला कळव. सर्टिफिकेटं मी एकदा बघून देतो.

तुझा,
सर