कान्हेरेंच्या लघुपटाला तुतारी नको

ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेल्या अनंत कान्हेरेंवर २० मिनिटांचा लघुपट आहे आणि दिग्दर्शकाला पहिल्या दृश्यापासून ढोल-ताशा, तुतारी हवी आहे, तर काय करावं, असं तुम्ही विचारलंय. त्यांना नाही म्हणा. १९ एप्रिल १९१० ला फासावर चढले तेव्हा कान्हेरे अठरा वर्षांचे होते. सुरुवातीलाच तुतारी वाजली की त्या मुलाचा पुतळा होतो, आणि शेवटी आवाज चढवायला जागाच उरत नाही.

खरं संगीत प्रसंगातच आहे. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ या संगीत नाटकाचा प्रयोग होता, आणि नाशिकचा इंग्रज कलेक्टर जॅक्सन आत येत असताना कान्हेरेंनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. म्हणून इथे रंगलेलं पद नको. पडद्यामागे हातोडीने तबला लावतायत, पेटीवर कुणी सूर धरून बसलंय, प्रेक्षकांची कुजबुज, एवढंच ठेवा. गोळीनंतर तबला बंद, पण पेटीचा सूर भाता रिकामा होईपर्यंत रेंगाळू द्या. पुढे कुठे पद हवंच असेल तर नव्याने गाऊन घ्या. ‘शारदा’चे नाटककार गो. ब. देवल १९१६ साली गेले, शब्दांचे हक्क संपलेत, पण जुन्या ध्वनिमुद्रिकेचे हक्क वेगळे असतात.

मुख्य धून एकट्या सारंगीवर, मारवा रागात बांधा. कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम नाही; षड्ज टाळत राहिलात की अस्वस्थता आपोआप येते. तानपुरा मात्र निषादावर लावा. इलेक्ट्रॉनिक तानपुरा पंचमावर तसाच राहून जातो आणि सगळा राग मोडतो. लय मिनिटाला ७२ मात्रा धरली तर सेकंदाला २४ फ्रेमच्या चित्रात एका मात्रेला नेमक्या २० फ्रेम येतात, संकलकाला कट मात्रेवर बसवता येतो.

तुरुंगातल्या दृश्यांना संगीत नकोच. लांबून वाफेच्या इंजिनाची शिट्टी चालेल, कारण ठाण्यात रेल्वे १८५३ पासून आहे. आज तिथे जाऊन ध्वनिमुद्रण केलंत तर लोकलचा भोंगा येईल, आणि विजेच्या गाड्या १९२५ नंतरच्या.

काम सुरू करण्याआधी संकलकाकडून फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, लेखी घ्या. चित्र २३.९७६ चं आणि तुमचा प्रोजेक्ट २४ चा असेल, तर टाइमकोड (चित्रावरचा तास-मिनिट-सेकंद-फ्रेमचा आकडा) बघून ठेवलेला संगीताचा तुकडा अठराव्या मिनिटाला जवळजवळ एक सेकंद आधी वाजतो. फाशीच्या दृश्यात तेवढ्यानं सगळं विस्कटतं. फाइली ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटच्या द्या. सारंगी, तानपुरा, तालवाद्यं वेगवेगळी. संवादाखाली वाजणारी सारंगी बोलण्याच्या आड येते, तेव्हा सरसकट आवाज न उतरवता २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये तीनेक डेसिबल काढा.