लहेज समजून घ्यायचंय? मग आधी तनखा बघ

लहेज म्हणजे दक्षिण येमेनमधली, अदन बंदराशेजारची जुनी सुलतानी. तिच्या इतिहासाच्या अभ्यासाला सुरुवात करतोयस म्हणून सांगतो, लहेजमध्ये इंग्रज गव्हर्नर शोधत बसू नकोस. सुलतान गादीवरच होता, न्यायनिवाडाही त्याचाच. इंग्रजांचा माणूस बसे शेजारच्या अदनला आणि १९३२ पर्यंत अदनचा कारभार होता मुंबई इलाख्याकडे! म्हणूनच काळा घोड्याच्या पुराभिलेखागारात अदनचे दप्तर सापडते. तिथे एकदा तरी जाच.

ईस्ट इंडिया कंपनीच्या कॅप्टन हेन्सने जानेवारी १८३९ मध्ये अदन घेतलं. त्यानंतरची खरी सत्ता चालली ती तनख्यावर, म्हणजे इंग्रज सुलतानाला देत त्या नेमणुकीच्या पैशावर. सुलतानाने वाटा सुरक्षित ठेवायच्या, बदल्यात मारिया थेरेसाचे चांदीचे डॉलर घ्यायचे. अदनवर हल्ला झाला की तनखा बंद. त्यामुळे तहनाम्याची कलमं पाठ करण्याआधी रकमा कधी थांबल्या, कधी पुन्हा सुरू झाल्या, ते तारखेनिशी वहीत उतरव.

पाणीही विसरू नकोस. अदनच्या खडकाळ भूमीत ते अपुरं, म्हणून इंग्रजांची नजर जवळच्या शेख उस्मान या गावावर. १८८२ मध्ये इंग्रजांनी तो भाग सुलतानाकडून चक्क विकत घेतला.

आणि हो, कागदांत सुलतानाचा उल्लेख पुष्कळदा ‘अब्दाली’ असा जमातीच्या नावाने येतो. फक्त ‘लहेज’ शोधशील तर अर्धे कागद हातचे जातील.