बासरीसाठी मायक्रोफोन निवडताना

बासरीसाठी मंचावर आणि घरातील ध्वनिमुद्रणात एकच मायक्रोफोन चालेल का, असे आपण विचारले आहे. ते शक्य आहे, पण दोन्हीकडे थोडी तडजोड होईल; दोन्हीकडे काय योग्य ठरते, ते पुढे पाहू. मंचावर स्पीकर जवळ असतात आणि शिट्टीसारखा फीडबॅक (स्पीकरचा आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरून होणारा) लगेच उठतो, म्हणून तेथे शुअर एसएम५८ सारखा कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज टिपणारा) डायनॅमिक (बाहेरून वीज न लागणारा) मायक्रोफोन पुरेसा व टिकाऊ ठरतो. घरी मात्र छोट्या डायफ्रॅमचा (आवाजाने कंप पावणाऱ्या पडद्याचा) कंडेन्सर, म्हणजे अधिक संवेदनशील मायक्रोफोन, घ्यावा. त्याला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर (मायक्रोफोनच्या केबलमधूनच मिळणारी वीज) लागतो, तेव्हा ऑडिओ इंटरफेसवर (मायक्रोफोन संगणकाला जोडणाऱ्या उपकरणावर) ती सोय आहे ना, हे आधी पाहावे.

मायक्रोफोनच्या किमतीपेक्षा त्याची जागा अधिक महत्त्वाची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. बासरीचा नाद केवळ फुंकरंध्रातून नव्हे, तर उघड्या स्वररंध्रांतूनही बाहेर पडतो. म्हणून मायक्रोफोन ओठांसमोर धरल्यास फुंकेचा फुसफुसाट वाढतो आणि स्वर पातळ वाटतो. तो साधारण ३० ते ४० सेंटीमीटर अंतरावर, श्वासाच्या झोताच्या किंचित वर, फुंकरंध्र व पहिल्या स्वररंध्राच्या मधल्या भागाकडे रोखून ठेवावा. मंचावर इतके अंतर परवडत नाही, तेव्हा जवळ यावे, पण झोताच्या बाजूलाच राहावे.

कंडेन्सर खोलीचा प्रतिध्वनीही प्रामाणिकपणे टिपतो (पंख्याचा आवाजही!), त्यामुळे जाड पडदे व गाद्या असलेली खोली निवडावी. तार सप्तकातील स्वर अचानक जोरात येतात. ध्वनिमुद्रणाची पातळी ठरवताना तेच वाजवून पाहावेत आणि सर्वांत जोराचा आवाज मीटरवर −१२ डेसिबलच्या आसपास ठेवावा (तेथे ० ही कमाल मर्यादा असते).