बुलेटिनमधलं 'लाइकली' आणि 'व्हेरी लाइकली'

हवामान खात्याच्या इंग्रजी बुलेटिनमध्ये कधी 'लाइकली' असतं, कधी 'व्हेरी लाइकली'. मराठी बातमीत मात्र दोन्हींचं 'शक्यता' होतं. मग फरक खरा आहे की नुसती शब्दांची सजावट, असं तुम्ही विचारलंय. फरक आहे, आणि तो आकड्यांत बांधलेला आहे.

बुलेटिनसोबत बारीक अक्षरातला एक तक्ता असतो. तो सहसा कुणी वाचत नाही. त्यात घडण्याची शक्यता २५ टक्क्यांच्या खाली असेल तर 'अनलाइकली', २५ ते ५० 'लाइकली', ५० ते ७५ 'व्हेरी लाइकली' आणि ७५ च्या वर 'मोस्ट लाइकली' असं दिलेलं आहे. म्हणजे खात्याचं साधं 'लाइकली' फार तर निम्म्यापर्यंत जातं! शाळेत शिकलेल्या इंग्रजीत 'लाइकली' म्हणजे होण्याचाच संभव जास्त, म्हणून गफलत होते. भरीला, हवामानबदलाचा अभ्यास मांडणाऱ्या आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या अहवालांत हेच 'लाइकली' ६६ टक्क्यांपासून सुरू होतं आणि 'व्हेरी लाइकली' ९० पासून. तेव्हा कागद कुणाचा आहे हे आधी बघायचं.

आता हे वाक्य घ्या: 'हेवी रेनफॉल व्हेरी लाइकली अ‍ॅट आयसोलेटेड प्लेसेस ओव्हर मध्य महाराष्ट्र'. 'हेवी' म्हणजे २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर. 'आयसोलेटेड', आपलं 'तुरळक ठिकाणी', म्हणजे त्या विभागातल्या फार तर २५ टक्के पाऊस मोजणाऱ्या केंद्रांवर. 'व्हेरी लाइकली' हे असं घडण्याबद्दल आहे, तुमच्या गावाबद्दल नाही. नाशिक ते सोलापूर एवढ्या पट्ट्यात चार-दोन ठिकाणी झोडपलं तरी अंदाज बरोबर ठरतो. 'पण आमच्या वावरात थेंब नाही' ही तक्रार खरी असली, तरी त्यावरून अंदाज चुकला असं म्हणता येत नाही.

आकडे न ठरवता नुसते शब्द वापरले की काय होतं, याचा अमेरिकेतला किस्सा प्रसिद्ध आहे. १९५१ मध्ये सीआयए या तिथल्या गुप्तचर संस्थेच्या एका अंदाजात युगोस्लाव्हियावरचा हल्ला ही 'सीरियस पॉसिबिलिटी' आहे, असं लिहिलं होतं. तो तयार करणाऱ्यांपैकी एक असलेल्या शर्मन केंट यांच्या मनात हल्ला होण्याच्या बाजूने ६५ विरुद्ध ३५ असं प्रमाण होतं. त्यांनी सहकाऱ्यांना विचारलं, तर उत्तरं २०-८० पासून ८०-२० पर्यंत पसरली. आणि वाक्य या सगळ्यांनी मिळून मंजूर केलेलं! पुढे १९६४ मध्ये केंट यांनी या शब्दांना आकडे जोडण्यावर लेखच लिहिला.

व्यवहारात मी कामाप्रमाणे शब्द तोलतो. फवारणी पुढे ढकलायला मला 'व्हेरी लाइकली' लागतं. पण काढलेला कांदा उघड्यावर असेल, तर साधं 'लाइकली' वाचूनही ताडपत्री ओढतो. चुकलं तर गेला अर्धा तास, कांदा तर वाचला.

'इट विल लाइकली रेन' बरोबर का, हा तुमचा दुसरा प्रश्न. अमेरिकेत सर्रास चालतं. ब्रिटिश वळणाच्या लेखनात मात्र असं एकटं 'लाइकली' अनेकांना खटकतं, त्याच्या आधी 'व्हेरी' किंवा 'मोस्ट' असलं तर चालतं. 'इट इज लाइकली टू रेन' लिहा, दोन्हीकडे चालेल.