काल्पनिक राज्याचे संगीत: वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

संगणकावरील जुन्या साहसी खेळांना चाहत्यांनी स्वतःहून नवी बेटे, गावे आणि कथानके जोडण्याची, म्हणजेच ‘मॉड’ तयार करण्याची, आवड आता आपल्याकडच्या तरुणांमध्येही रुळली आहे. अशा मॉडसाठी स्वतःचे संगीत रचू पाहणाऱ्या वाचकांच्या चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी सांगलीत विश्रामबागला राहतो आणि अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हार्मोनियम शिकलो असून आता संगणकावर रचना करतो. ‘मॉरोविंड’ या खेळासाठी नवे बेट तयार करणाऱ्या एका चमूने माझ्याकडे तासाभराचे संगीत मागितले आहे. मी पाच मिनिटांची भव्य वाद्यवृंद-रचना पाठवली, तेव्हा ‘ऐकायला छान आहे, पण खेळात बसत नाही’ असे उत्तर आले. काय बदलावे?

उत्तर : आपली रचना मी ऐकलेली नाही, परंतु अशा शेऱ्यामागे बहुधा एकच कारण असते. श्रोता पहिल्यापासून शेवटपर्यंत समोर बसून ऐकणार, हे गृहीत धरून आपण रचना हळूहळू कळसाला नेतो आणि खेळात नेमके हेच गृहीत लागू पडत नाही. 2002 साली आलेल्या ‘मॉरोविंड’ची मूळ व्यवस्था अगदी साधी आहे. त्याच्या संगीताच्या फोल्डरात ‘एक्स्प्लोर’ आणि ‘बॅटल’ असे उपफोल्डर असतात. खेळाडू भटकत असताना पहिल्यातील कोणतीही एक एमपी३ फाइल वाजते आणि एखाद्या शत्रूने त्याला हेरले, की ती अर्ध्यातच सोडून दुसऱ्यातील एखादी सुरू होते. म्हणजे चौथ्या मिनिटाला येणारा आपला तुतारीचा कळस अनेकांच्या कानी पडणारच नाही, कारण त्याआधीच त्यांच्यावर आकाशातून क्लिफ रेसर झडप घालून गेलेला असेल. (हा खेळ खेळलेल्यांना त्या उडत्या उपद्रवाची ओळख करून द्यायला नको.) शिवाय निवड यादृच्छिक असल्यामुळे, पहाटेच्या बंदरासाठी लिहिलेली प्रसन्न धून एखाद्या पुरातन थडग्यातही वाजू शकते. म्हणून भटकंतीच्या धुनींचा भाव फार ठाशीव ठेवू नये. ठरावीक प्रसंगी ठरावीकच धून हवी असेल, तर चमूतील स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला ‘स्ट्रीमम्युझिक’ ही आज्ञा वापरायला सांगावे आणि ठाशीव रचना तेवढ्यापुरत्या राखून ठेवाव्यात.

तासाभराची मागणी मात्र मी मान्य केली नसती. खेळाडू एखाद्या मॉडमध्ये कित्येक दिवस रमतो, त्यामुळे तासाचे संगीत दिले तरी ते पुन्हा पुन्हा ऐकले जाणारच. प्रश्न लांबीचा नसून पुनरावृत्ती किती सोसली जाते याचा आहे. भावगीताचे ध्रुवपद ओठांवर बसावे अशी आपली इच्छा असते, पण येथे ओठांवर बसणारी चाल सर्वांत आधी नकोशी होते. त्याऐवजी बेटाची ओळख ठरेल अशी चार-पाच सुरांची छोटी स्वरावली निवडावी, ती प्रत्येक रचनेत कुठेतरी, कधी बासरीवर तर कधी खर्जातल्या तारांवर, अर्धीमुर्धी दिसावी आणि संपूर्ण स्वरूपात फक्त कथानकाच्या महत्त्वाच्या वळणावर यावी. प्रत्येक वाक्यानंतर पुरेशी विश्रांती ठेवावी, म्हणजे ते कुठेही तोडले गेले तरी मोडल्यासारखे वाटणार नाही. आपण ताल शिकला असाल, तर आणखी एक युक्ती सहज जमेल. साथीचा आकृतिबंध 16 मात्रांचा आणि वरची स्वरावली 14 मात्रांची ठेवली, तर दोन्ही पुन्हा एकत्र सुरू व्हायला 112 मात्रा जातात आणि मोजकी सामग्री बराच वेळ शिळी होत नाही.

आपल्या चमूने पुढे 2011 च्या ‘स्कायरिम’ या खेळासाठी काम करायचे ठरवले, तर त्याच्या ‘क्रिएशन किट’मध्ये प्रदेशानुसार आणि दिवसाच्या वेळेनुसार धुनी नेमून देता येतात. त्या साधनात ट्रॅकचे जे प्रकार आहेत, त्यांत ‘सायलेंट ट्रॅक’ हा एक स्वतंत्र प्रकार असून तो किती सेकंदांचा हे आपणच ठरवायचे असते. माझ्या मते नवशिक्या रचनाकाराने हा प्रकार सर्वांत आधी वापरायला शिकावा. वीस-पंचवीस मिनिटांचे नेटके संगीत आणि त्यांच्या मधे मोकळी ठेवलेली, वाऱ्याला आणि पावलांच्या आवाजाला वाव देणारी शांतता, एवढे एका बेटाला पुरते.

प्रश्न : मी मिरजेची असून आमच्या घरी आजोबांचा तानपुरा आहे. बर्फाळ डोंगर आणि ड्रॅगन असलेल्या एका मॉडसाठी मी संगीत करते आहे. तिथे तानपुरा विजोड वाटेल का? हलगी आणि धनगरी ढोलही वापरण्याची इच्छा आहे.

उत्तर : मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा उल्लेख आपण मॉडच्या माहितीत अवश्य करा, परंतु खेळाडूच्या कानावर वाद्याचे नाव पडत नाही, नाद पडतो. घोडीवर तारेखाली सरकवलेल्या दोऱ्यामुळे जी जवारी, म्हणजे तारेचा झणझणता नाद, खुलते आणि तारेतून वरचे स्वर झरू लागतात, तो नाद ओसाड हिमशिखरांना कोणत्याही कृत्रिम सिंथेसायझरइतकाच शोभतो. विजोड वाटतो तो तानपुरा नव्हे, तर त्याच्यावर मांडलेला तबल्याचा ठेका आणि बंदिशीचा मुखडा, कारण त्यांनी श्रोता क्षणात मैफलीच्या सतरंजीवर येऊन बसतो. तेव्हा नाद घ्यावा आणि मैफल बाहेर ठेवावी.

खरी अडचण सुरांची आहे आणि ती कानाला जाणवूनही अनेकांना उमगत नाही. तानपुऱ्याच्या खर्जातून उमटणारा स्वयंभू गंधार हा कीबोर्डच्या शुद्ध गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट उतरलेला असतो. सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतराचा शंभरावा भाग. पंचमातला फरक मात्र जेमतेम 2 सेंटचा आहे. त्यामुळे वाद्यवृंदातील तारांना किंवा समूहस्वरांना षड्ज-पंचम द्यावा आणि गंधाराचे काम तानपुऱ्यावर सोपवावे, म्हणजे दोन्ही एकमेकांत मुरतात. कोमल गंधाराच्या रचनेत अधिक सावध राहावे लागते. गायक भीमपलास गाताना कोमल गंधार आंदोलत येतो आणि निघून जातो, म्हणून तो तानपुऱ्याशी भांडत नाही, पण तोच स्वर वायोलिनच्या ताफ्याने आठ मात्रा ताठ धरून ठेवला, की घर्षण ऐकू येऊ लागते. गुहेसाठी हे घर्षण हवेही असेल, मात्र ते आपण ठरवून आणलेले असावे. मालकंसाच्या वळणाचे काही करणार असाल, तर पहिली तार मध्यमात लावावी. संगणकावरील वाद्ये तानपुऱ्याच्या पट्टीला जुळवून घ्यावीत. जुना तानपुरा ताणून काळी एकवरून काळी तीनवर नेण्याच्या फंदात पडू नये, त्यापेक्षा रचनाच त्याच्या पट्टीत लिहावी. तारा बऱ्याच वर्षांच्या असतील किंवा जवारी बसली असेल, तर ध्वनिमुद्रणाआधी गावातल्याच सतारमेकरांकडून तारा बदलून आणि जवारी नव्याने काढून (म्हणजे जुळवून) घेण्याची सोय आपल्याइतकी क्वचितच कोणाला असेल.

मुद्रण रात्री उशिरा, पंखा बंद करून, 24 बिटवर करावे आणि ध्वनीची पातळी सर्वांत मोठ्या क्षणीही उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील अशी ठेवावी. चार झंकारांचा तुकडा जोडत बसण्याऐवजी सलग पाच-सहा मिनिटे छेडत राहावे, कारण बोटांतला बारीक अनियमितपणा हाच त्या नादाचा जीव असतो.

हलगीविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. हलगी वाजली की पाय जागेवर राहत नाहीत हे खरे, परंतु तिचा टणत्कार तलवारींच्या खणखणाटाच्या आणि संवादांतील व्यंजनांच्या जवळपासच्या पट्ट्यात येतो, त्यामुळे ऐन लढाईत सगळेच एकमेकांवर आदळते. लढाईसाठी धनगरी ढोलाचा खालचा घुमारा घ्यावा आणि हलगी गावच्या उत्सवाच्या प्रसंगासाठी ठेवावी. गोंधळातल्या संबळाचे प्रत्यक्ष विधीत केलेले मुद्रण मात्र राक्षसाच्या गुहेत नेऊन वाजवू नये. वादकाला वेगळे बोलावून, कशासाठी हवे ते सांगून आणि मानधन देऊन मुद्रण करावे.

प्रश्न : माझी धून लूपमध्ये वाजवली, की दर वेळी जोडावर बारीक खटका किंवा क्षणभर रिकामी जागा ऐकू येते. (एक वाचक, कराड)

उत्तर : रिकामी जागा एमपी३मुळे येते, कारण त्या स्वरूपात रूपांतर करताना फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता जोडली जाते. सलग फिरणाऱ्या तुकड्यासाठी खेळ स्वीकारत असेल तर डब्ल्यूएव्ही किंवा ऑग व्हॉर्बिस ही फाइल-स्वरूपे वापरावीत. खटका येतो तो लांबी चुकल्यामुळे किंवा घुमाऱ्याची शेपटी कापली गेल्यामुळे. मिनिटाला 96 मात्रांच्या लयीत चार-चार मात्रांचे 16 खंड बरोबर 40 सेकंदांचे होतात, म्हणजे सेकंदाला 44,100 ध्वनिनमुने (44,100 हर्ट्झ) धरल्यास 17,64,000 नमुने. लांबी अशी हिशेबाने ठरवावी, नजरेने कापू नये. मग तीच रचना सलग दोनदा वाजवून मुद्रित करावी आणि फक्त दुसरे आवर्तन कापून घ्यावे. त्याच्या आरंभी पहिल्या आवर्तनाची आस, म्हणजे विरत जाणारा घुमारा, आपोआप आलेली असते. या कामाला महागडे सॉफ्टवेअर लागत नाही, ऑडॅसिटीसारखे विनामूल्य साधन पुरते.

प्रश्न : मॉड विनामूल्य असल्यामुळे संगीतावर माझा हक्क राहतो का? मूळ खेळाची प्रसिद्ध धून नव्याने बांधून वापरता येईल का? आणि गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकडीतला तुकडा घेतला तर चालेल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : भारतीय कॉपीराइट कायदा, 1957 प्रमाणे स्वतंत्रपणे रचलेल्या संगीताचा पहिला मालक रचनाकारच असतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही आणि हक्क रचनाकाराच्या हयातीत व त्यानंतर 60 वर्षे टिकतो. मोबदला न घेतल्याने हक्क जात नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि आपल्या सहीनेच द्यावा लागतो. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारत, असे कायदा मानतो. मॉड जगभर उतरवून घेतला जाणार असल्यामुळे ‘या मॉडसोबत, जगभर, विनामूल्य वितरणासाठी परवानगी, इतर सर्व हक्क रचनाकाराकडे’ असे स्पष्ट लिहून द्यावे. त्याआधी मॉड बनवण्याच्या साधनाचा परवाना-करार मात्र वाचावा, कारण मॉडच्या विक्रीवरील बंधने आणि कंपनीने स्वतःकडे ठेवलेले अधिकार त्यात असतात.

मूळ खेळाची धून नव्याने बांधणे म्हणजे दुसऱ्याच्या कृतीचे रूपांतर आहे आणि त्याला परवानगी लागते. कंपनी मॉडकडे काणाडोळा करते म्हणून तीच धून आपल्या नावाने संगीताच्या ॲपवर टाकण्याची मुभा मिळत नाही. तसेही चाहत्यांना ती धून मूळ खेळात ऐकायला मिळतेच, आपल्या बेटाला तिची गरज का भासावी, असे मला वाटते.

खाँसाहेबांचे निधन 1937 साली झाले आणि भारतात ध्वनिमुद्रणाचे संरक्षण प्रकाशनानंतर 60 वर्षांचे आहे, त्यामुळे त्यांच्या हयातीत निघालेल्या तबकड्या येथे मुक्त झालेल्या आहेत. परंतु परदेशांतल्या मुदती वेगळ्या आणि काही ठिकाणी अधिक लांब आहेत, शिवाय कंपन्यांनी नव्याने स्वच्छ करून काढलेल्या आवृत्त्यांवर दावा येऊ शकतो. रागाचे स्वर कोणाच्याही मालकीचे नाहीत, तेव्हा एखाद्या गाणाऱ्या मित्राकडून नवे आलाप मुद्रित करून घ्यावेत आणि त्याचीही लेखी संमती ठेवावी. चमूचे संमतिपत्र हाती येईपर्यंत पूर्ण दर्जाच्या फायली पाठवू नयेत, तोवर कमी दर्जाचे नमुने चाचणीसाठी पुरेसे होतात.