तुमचं विचारणं, सरांचं सांगणं : रात्रीची भिंत

प्रश्न : सर, नौपाड्यातली कौलारू चाळ सोडून आम्ही घोडबंदर रोडला, कासारवडवलीत सातव्या मजल्यावर राहायला आलो. खिडकीतून येऊरचा डोंगर दिसतो. तरीही मे महिन्यात रात्री दहाला बेडरूमच्या भिंतीला हात लावला, तर चटका बसतो. जंगल इतकं जवळ असून असं का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, हात लावून पाहिलंत, हे फार बरं केलंत. भूगोल शिकवायचो तेव्हा दिवेलागणीला मी मुलांना आधी मैदानातल्या मातीला आणि मग सिमेंटच्या कट्ट्याला हात लावायला लावायचो. माती निवलेली असायची, कट्टा नाही.

तुमच्या इमारतीच्या जागी पूर्वी भातखाचर असेल, पाण्याने गार राहणारं. आता तुम्ही म्हणाल, मे महिन्यात खाचरात पाणी कुठलं? बरोबर. पण उघड्या आकाशाखालची कोरडी जमीनही रात्री लवकर निवते. टॉवरच्या दाटीत भिंतीसमोर आकाश कमी आणि दुसऱ्या तापलेल्या भिंती जास्त असतात. त्या एकमेकींनाच शेकत बसतात! त्यात प्रत्येक एसी घरातली उष्णता बाहेर फेकतो. शहराचा ताप रात्रीच जास्त जाणवतो, हे लंडनचे हवामान-अभ्यासक ल्यूक हॉवर्ड यांनी दोनशे वर्षांपूर्वीच मोजून दाखवलं होतं.

बांधावरच्या झाडांचं काम वेगळं. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ०.६७ युनिट विजेइतकी उष्णता खर्ची पडते. झाड ते पाणी मुळांनी ओढून पानांतून सोडतं. पेव्हर ब्लॉकला ते कुठून जमणार? येऊरचं जंगल आपल्यापुरतं गार राहतं, पण मधल्या टॉवरच्या रांगा ओलांडून तो गारवा तुमच्यापर्यंत फारसा पोचत नाही.

आणि एक गंमत. खिडकीतून येऊर दिसतो, म्हणजे ती भिंत पश्चिमेकडची. दुपारभराचं ऊन तिच्यावरच. त्या दृश्याचे बिल्डरने जादा पैसेही घेतले असतील!

उपाय म्हणाल, तर बांबूची चिक खिडकीच्या बाहेरून लावा. आतल्या पडद्यापर्यंत ऊन आलं, की ते घरात शिरलंच. वाळ्याचा पडदा आणू नका, तो नागपूरच्या कोरड्या हवेत चालतो, आपल्या दमट हवेत नुसता घाम. सोसायटीच्या सभेत शोभेच्या पामऐवजी करंज मागा आणि त्याच्या बुंध्याभोवतीचे पेव्हर आधी उखडून घ्या.