दहावीला गणित बेसिक घ्यावे की स्टँडर्ड?
सीबीएसईच्या दहावीत बेसिक (241) आणि स्टँडर्ड (041) या दोन्ही गणितांचा अभ्यासक्रम एकच असून 80 गुणांच्या लेखी परीक्षेतील प्रश्नांचे काठिण्य तेवढे वेगळे असते, हे आधी नीट समजून घे. नववीत गुण कमी पडले म्हणून लगेच बेसिककडे वळू नकोस. आपल्याकडे सोयाबीनच्या सोंगणीत घरच्या कामामुळे कितीतरी मुलांचे सहामाहीचे गुण घसरतात आणि त्यावरून कुवत ठरत नाही. स्टँडर्डची एक नमुना प्रश्नपत्रिका सलग तीन तास बसून सोडव. मनोऱ्याच्या उंचीच्या उदाहरणात दोन्ही उन्नत कोनांची आकृती पुस्तक न उघडता काढता आली आणि केवळ आकडेमोड चुकली, तर ती उणीव सरावाने भरून निघते. अभियांत्रिकीचा विचार असेल, तर स्टँडर्डच घे. पुढे गणित नकोच असेल, तर बेसिक घेण्यात कोणताही कमीपणा नाही. मात्र शाळेने मंडळाकडे नावे पाठवण्यापूर्वी निर्णय कळव.